दारिद्र्याचा खर्च कोणाच्या खाती?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी न्यासाचा ऋणी आहे. पन्नास वर्षे एखादी संस्था नुसती टिकणे ही सोपी गोष्ट नाही. ती कामात राहणे तर त्याहून कठीण. ज्या पिढीने हा न्यास उभा केला त्या पिढीला मी प्रथम वंदन करतो.

व्याख्यानासाठी कोणता विषय घ्यावा, असे मला विचारण्यात आले तेव्हा अनेक सुखद विषय मनात आले. परंतु उभे आयुष्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात गेले असल्यामुळे मी एक काहीसा रूक्ष विषय निवडला. तो म्हणजे दारिद्र्याचा खर्च. दारिद्र्यामुळे गरिबाचे काय होते, हे आपण पुष्कळदा ऐकतो. समाजाचे काय होते, म्हणजे तुमचे आणि माझे काय होते, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. तो हिशेब मांडण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात व्यापाराची वही आहे, पुष्कळांच्या घरात उसाची शेती आहे. हिशेब म्हटल्यावर आपण कंटाळणार नाही, अशी मला खात्री आहे.

माझ्या वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. सुट्टीत मला ते रोजकीर्द लिहायला बसवीत. एकदा मी मोठ्या अभिमानाने त्यांना सांगितले, की या महिन्यात उधारी सोडली तर कोठेही नुकसान नाही. त्यांनी मला कोठारात नेले आणि एक पोते उचलायला सांगितले. पोते हलके लागले. तळाशी उंदरांनी भोक पाडले होते. ते म्हणाले, "उंदराने खाल्लेले धान्य आपण कोणाच्या नावे टाकत नाही. म्हणून ते वहीत दिसत नाही. पण पोते हलके झालेच ना?" दारिद्र्याचा खर्च हा असा आहे. तो कोणाच्याही नावे पडत नाही. पण समाजाचे पोते हलके होत राहते.

प्रारंभीच एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या देशातील दारिद्र्य कमी झाले आहे, आणि ते लक्षणीय प्रमाणात कमी झाले आहे. केवळ उत्पन्न न पाहता पोषण, आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या सर्वांचा एकत्र विचार करणारा निर्देशांक नीती आयोगाने तयार केला. त्यानुसार २०१५-१६ मध्ये देशातील सुमारे २५ टक्के लोक गरीब होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते जवळपास १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आत आले. ही समाधानाची बाब आहे. परंतु याच काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, की महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. म्हणजे घरात वीज आली, गॅस आला, हातात फोन आला. पण मुलाचे हाड वाढले नाही. दारिद्र्य गेले असे आपल्याला वाटते तेव्हा ते पुष्कळदा डोळ्यांआड झालेले असते, एवढेच.

ते डोळ्यांआड कोठे जाते? फार दूर नाही, आपल्याच उसाच्या फडात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दोन एकरांच्या तुकड्याला तोड आली होती. सकाळी अकराच्या सुमारास मी फडावर गेलो. बांधावरच्या बाभळीखाली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, साडीच्या झोळीत तान्ह्या भावाला झोके देत बसली होती. आई-वडील आत कोयता चालवीत होते. शिक्षकाची सवय म्हणून मी विचारले, "बाळ, कितवीत आहेस?" ती म्हणाली, "चौथीत होते." मी तीस-पस्तीस वर्षे मुलांना हा प्रश्न विचारला आहे. मुले 'आहे' म्हणतात. या मुलीने 'होते' म्हटले. त्या एका क्रियापदाने मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण ऊस माझा होता.

बंधुभगिनींनो, बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कृष्णा-वारणाकाठी आणि राज्यातील इतर साखरपट्ट्यांत येतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्यांच्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसे, आणि त्यांना नाव हत्याराचे! हंगामापूर्वी मुकादमाकडून ते उचल घेतात आणि हंगामभर तोडणी करून ती फेडतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. त्यानंतरही एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांची मिळून सुमारे सातशे रुपये मजुरी होते. त्यासाठी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबावे लागते. ही गरिबी केवळ त्यांची आहे काय, याचा आता आपण हिशेब करू.

आपल्या परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या वर्गीकरणाचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. कारण दारिद्र्याचा खर्च मांडायला बसले, की खतावणीची नेमकी हीच चार पाने उघडावी लागतात : भूक, आजार, अज्ञान आणि भय.

पहिले पान भुकेचे. गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस हे माणसाच्या शरीराची आणि मेंदूची जडणघडण होण्याचे दिवस असतात. या काळात अन्न कमी पडले, तर पुढे कितीही खाऊ घातले तरी ती उणीव पूर्ण भरून निघत नाही. असे मूल शाळेत मागे पडते, लवकर थकते, मोठेपणी कमी कमावते. त्याची कमी कमाई ही त्याच्या मालकाचे कमी उत्पादन असते, दुकानदाराची कमी विक्री असते आणि सरकारचा कमी कर असतो. भुकेचे मूल त्याच्या एकट्याच्या घरात उपाशी राहत नाही. वीस वर्षांनंतर संपूर्ण बाजारपेठच त्या प्रमाणात उपाशी राहते.

यावर दुसरी बाजूही पाहू. क्षयरोगाचे जगातील जवळपास एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात असतात, पण कुपोषित शरीरात ते लवकर जोर धरतात. झारखंडच्या चार जिल्ह्यांत संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांची त्यांनी नोंद केली. काही घरांतील सर्वांना दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली. बाकीच्या घरांत फक्त रुग्णाला आहार दिला. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे सर्व कुटुंबाला धान्य मिळाले तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. विचार करा, डाळ-तांदूळ हीच येथे लस ठरली. आणि क्षय हा हवेतून पसरणारा रोग आहे. तो गरिबाच्या झोपडीतून निघून एस.टी.त, बाजारात, वर्गात येतो. तो कोणाचे उत्पन्न विचारत नाही.

दुसरे पान आजाराचे. २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ पर्यंत हा वाटा ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. पण ज्याच्या खिशातच काही नाही, त्याच्यासाठी तो ३९ टक्के वाटाही सावकाराच्या दारात नेणारा आहे. एका शस्त्रक्रियेपायी शेत गहाण पडते, दुभती म्हैस विकली जाते, मुलाचे नाव शाळेतून निघते.

याहून दारुण बाब आपल्या साखरपट्ट्याशी जोडलेली आहे, आणि माताभगिनींसमोर ती बोलताना मला संकोच वाटतो. पण बोलले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. साधारणतः दर सहा महिलांमागे एक. कारणे अनेक होती. फडात पिण्याचे स्वच्छ पाणी नाही, शौचालय नाही, आडोसा नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर 'खाडा' पडतो आणि मजुरी कापली जाते. अशा वेळी कोणीतरी सांगते, की पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. ती बाई कर्ज काढून शस्त्रक्रिया करते. काहींच्या बाबतीत तिशीतच कंबर धरते, अशक्तपणा येतो, काम होत नाही, आणि कर्ज मात्र राहते. बारा महिने कष्ट करू शकणारे एक शरीर आपण एका खाड्याच्या दंडापायी गमावले. कोणत्याही व्यापाऱ्याने असा सौदा केला असता, तर आपण त्याला शहाणा म्हटले नसते.

तिसरे पान अज्ञानाचे. 'चौथीत होते' म्हणणाऱ्या त्या मुलीकडे पुन्हा येऊ. हंगाम सुरू झाला की शाळेचे अर्धे वर्ष बुडते. परत गेल्यावर वर्गाची पुस्तके पुढे गेलेली असतात, मूल मागे राहिलेले असते. दोन-तीन हंगाम असे गेले, की शाळा आपोआप सुटते. मुलगी असेल तर पुढचा प्रश्न लग्नाचा. मागे गावात तिला कोणाच्या भरवशावर ठेवायचे? शिवाय लग्न झाले तर दोघांचा मिळून नवा कोयता होतो आणि उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळंतपण, कमी वजनाचे मूल, आणि मूल कमी वजनाचे म्हणजे पुन्हा पहिले पान, भुकेचे. दारिद्र्य हे चक्रवाढ व्याजाने वाढते, ते असे.

त्या मुलीमध्ये कोण दडले होते, हे मला माहीत नाही. कदाचित एखादी परिचारिका, कदाचित शिक्षिका, कदाचित साखर कारखान्यातील रसायनतज्ज्ञ. न झालेल्या शिक्षिकेचा पगार कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तिने शिकवलीच नाहीत अशी मुलेही कोठे मोजली जात नाहीत. उंदराने खाल्लेले धान्य म्हणतात ते हेच.

चौथे पान भयाचे. गरिबी म्हणजे नुसता पैशाचा अभाव नव्हे. उद्या काय होईल ही सततची धास्ती म्हणजे गरिबी. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. धास्तावलेला माणूस दूरचा विचार करू शकत नाही. तो नवे बियाणे घेत नाही, नवे कौशल्य शिकत नाही, अन्यायाविरुद्ध साक्ष देत नाही. आणि जेथे सारा व्यवहार भीतीवर चालतो, तेथे विश्वास उरत नाही. याची झळ आपल्याला अगदी घरात लागलेली आहे. वाहनमालकाने मुकादमाला लाखो रुपये उचल द्यावी आणि टोळी येऊच नये. मग पोलीस ठाणे, कोर्टकचेऱ्या. टोळी आली तर ऊस लवकर तोडण्यासाठी शेतकऱ्याकडे वेगळे पैसे मागितले जावेत. तोड लांबली की उसाला तुरा यावा, वजन घटावे, पुढच्या पिकाची पेरणी चुकावी. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच उसाच्या बिलातून वळता होतो. आपण म्हणतो, मजूर माजले. पण माझ्या मते, दोन्ही बाजूंना कायद्याचे आणि बचतीचे संरक्षण नाही, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींना ओरबाडतात. अभय नसलेल्या समाजात शेवटी कोणालाच अभय नसते.

चार पाने संपली. बेरीज मी रुपयांत करणार नाही. तशी ती करता येईल असे मला वाटत नाही. शिवाय माणसाचे मोल नफ्यातोट्यावर ठरवू नये, हे मला आपल्याला सांगण्याची गरज नाही. ती मुलगी उद्या एक रुपयाही कमावणार नसली तरी तिला शिकण्याचा हक्क आहेच. मी हिशेब मांडला तो एवढ्याचसाठी, की 'गरिबांसाठी खर्च करणे परवडत नाही' असे जे म्हटले जाते, ते हिशेबानेही खरे नाही. खर्च आपण करीतच आहोत. प्रश्न एवढाच आहे, की तो आधी करायचा की नंतर. डाळ-तांदळावर करायचा की क्षयाच्या औषधावर. पाटी-पुस्तकावर करायचा की न्यायालयाच्या तारखांवर. आधी केला तर थोडक्यात भागतो. नंतर केला तर पुष्कळ लागतो, आणि तरीही गेलेले परत येत नाही.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की गरीब हे आळसाने आणि व्यसनाने गरीब राहतात. व्यसन आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पहाटे चारला उठून दिवसभर ऊस तोडणारी, त्याच्या मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी आणि रात्री परत चूल पेटवणारी बाई आळशी आहे, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप असा, की आम्ही कर भरतो, बाकीचे सरकारने पाहावे. कर आपण भरतो हे खरे. पण साबण आणि चप्पल विकत घेताना तो ऊसतोड कामगारही कर भरतो. आणि सरकारच्या योजना कागदावरून फडापर्यंत पोचवायला कोणीतरी मधला माणूस लागतो. तो माणूस समाजानेच द्यावा लागतो.

आधी खर्च करण्याचे शहाणपण आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. तीन उदाहरणे सांगतो.

पहिले आपल्याच सांगली जिल्ह्याचे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण माणसाला मागेल तेव्हा काम, ही त्यांची कल्पना. १९६५ च्या सुमारास तासगाव भागात तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसवण्यात आला. म्हणजे मुंबई-पुण्यातील नोकरदाराने आपल्या पगारातून दरमहा थोडे द्यायचे आणि त्यातून माण-खटावच्या शेतमजुराला काम मिळायचे. शहराला हे समजले होते, की उपाशी गाव शेवटी शहराच्याच दारात येऊन उभे राहते. पुढे २००५ मध्ये याच धर्तीवर देशभरासाठी कायदा झाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. दर बालकामागे खर्च किती आला असेल? ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दोनशे रुपये. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली गेली. दोनशे रुपयांत एका जिवाची निगराणी! अभयदान याहून वेगळे काय असते?

तिसरे उदाहरण सांगताना ऊर भरून येतो. कुंभोज येथे १८८७ मध्ये एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची गरीब मुले एका पंक्तीला बसवली. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. कर्मवीरांनी मुलांना फुकट दिले नाही. 'कमवा आणि शिका' म्हणून त्यांचा स्वाभिमान राखला. त्या वसतिगृहांतून आणि शाळांतून शिकून किती शिक्षक, अधिकारी, अभियंते बाहेर पडले, याची गणती नाही. एका मंगळसूत्राचे एवढे व्याज कोणत्याही पेढीने कधी दिलेले नाही. दान आपल्या समाजापुरते मर्यादित न ठेवता उभ्या रयतेसाठी खुले करणारा हा माणूस आपल्यातला होता, याचा अभिमान आपण बाळगतो. मग त्याच्या मागे चालण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

म्हणून, विश्वस्त महोदय, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी न्यासापुढे एक नम्र प्रस्ताव ठेवतो. नवी इमारत नको, नवा पुतळा नको. आपल्या परिसरात यंदाच्या हंगामात येणाऱ्या प्रत्येक टोळीची एक वही करावी. त्या वहीत तीन याद्या असाव्यात : सहा वर्षांखालील मुले, सहा ते चौदा वर्षांची मुले आणि गरोदर माता.

लहान मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालावीत. मोठ्या मुलांना जवळच्या शाळेत बसवावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात मूल आले तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोयही शासनाने केली आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे गावाकडचे धान्य येथील दुकानातही मिळू शकते. बीडच्या कामगाराला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी दुकानदारापुढे बोलण्याचे बळ नसते. आपल्या महिला मंडळातील एक भगिनी बरोबर गेली, तर काम दहा मिनिटांत होते. गरोदर मातांना आशाताईंशी जोडून द्यावे. टोळीच्या तळावर पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्त्रियांसाठी आडोशाचे शौचालय उभारावे. या सर्वाला लागेल दोन तरुणांचे हंगामभराचे मानधन, एक वाहन आणि आपला वेळ.

आणि आपल्यापैकी जे ऊस उत्पादक आहेत, त्यांनी एक व्रत घ्यावे. आपण अनेक व्रते पाळतो. त्यांत हे एक छोटे अणुव्रत वाढवू : शाळेच्या वेळेत माझ्या फडात मूल दिसणार नाही. दिसले, तर मी कोयता थांबवणार नाही, कोणाला रागावणार नाही. मी त्या मुलाचा हात धरून शाळेपर्यंत जाईन. हे व्रत घेण्याचा अधिकार मला आहे का, असे आपण विचाराल. त्या दिवशी बाभळीखालच्या त्या मुलीला मी खिशातले दहा रुपये दिले आणि घरी परत आलो. शाळा तेथून अर्ध्या मैलावर होती. मी स्वतः शिक्षक होतो. तिला तेथे घेऊन जावे, हे मला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सुचले, तेव्हा टोळी पुढच्या गावाला गेलेली होती. माझ्या खात्यावर ती रक्कम अजून नावे आहे. ती फेडता येत नाही म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

न्यासाची पुढची पन्नास वर्षे ज्यांच्या हातात आहेत ते तरुण येथे बसले आहेत. शताब्दीच्या स्मरणिकेत कोणी तरी असेच एक भाषण लिहील. त्या वेळी दात्यांच्या नावांच्या यादीबरोबर अशा वहीचे एखादे पान छापले जावे, ज्यात एका मुलीच्या नावापुढे 'चौथीत होती' ऐवजी 'चौथीत आहे' असे लिहिलेले असेल, एवढीच माझी इच्छा आहे.

 बोलताना कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल, तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.